रेमूचा रोख

१

लग्नात आलेल्या भेटींपैकी खरा उपयोग झाला तो एकाच वस्तूचा. अंडी उकडताना लावायचा छोटा गजर. टोमॅटोसारखा लाल, पिळून सोडला की टिकटिकत उलटा फिरणारा. माझ्या मावशीला वाटलं असेल, पोरगी आता चुलीपाशी रमेल. ऑक्टोबर लागला तेव्हा तो गजर दोरीत ओवून माझ्या गळ्यात होता आणि मी एका म्हाताऱ्या कुत्र्याची वेळ सांभाळत रानातून चालत होते.

कुत्र्याचं नाव रेमू. जात सेटर, रंग पांढरा, अंगभर कुणी शाई झटकल्यासारखे ठिपके. वय बारा, म्हणजे कुत्र्यांच्या हिशेबात माझ्या सासऱ्यांहून मोठा. हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या या उत्तर मिशिगनात पानं गळायला लागली की माणसं तित्तरांमागे जातात. डेल, माझा नवरा, आणि त्याचे वडील आर्वो दर वर्षी या दिवसांत कॅम्पवर मुक्काम करतात. कॅम्प म्हणजे रानातली एका खोलीची ओंडक्यांची झोपडी आणि शेजारी सौना, वाफेची न्हाणी. दोहोंत न्हाणी जास्त नीटनेटकी. यंदा आर्वो न्हाणीचं धुरांडं साफ करायला छपरावर चढले आणि पाय मोडून खाली आले. म्हणून रेमू माझ्याकडे.

"तिला बंदूक नको देऊस, कुत्रा दे," ते डेलला म्हणाले. "बडबड करत नाही ती. कुत्र्याला तेवढंच लागतं."

सासऱ्यांनी केलेली ही माझी पहिली तारीफ. दुसरीची मी अजून वाट पाहतेय.

सगळा गाव त्यांना पा म्हणतो. मला ते जमेना, आणि नुसतं आर्वो म्हणायला जीभ रेटेना. म्हणून मी काहीच म्हणत नसे. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभी राहायची, ते मान वर करेपर्यंत. एकदा त्यात सूप गार झालं.

"हे बघ, हेल्मी," प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून त्यांनी मला शिकवलं. "अर्धा तास रान, मग ट्रकमध्ये झोप. पाणी ओंजळीतून, थोडं थोडं. हिरड्यांना बोटभर मध चोळायचा, नाहीतर धावता धावता कोसळेल. मागचा डावा पाय थरथरायला लागला की तुझा टोमॅटो वाजो न वाजो, घरी. त्याला स्वतःला थांबता येत नाही. मरेपर्यंत धावेल तो, आणि मेल्यावरही जरासा धावेल. थांबायचं काम तुझं. जिवंत परत आण त्याला, बाकी काही मागत नाही मी."

२

रेमूच्या गळ्यात पितळेची घंटी असते. झुडपांत तो दिसत नाही, ऐकू येतो. घंटी वाजतेय तोवर काही नाही. घंटी थांबली की समजायचं, त्याने रोख धरला.

रोख धरणं म्हणजे काय, ते लग्नाआधी मला माहीत होतं, पण ज्याच्यावर जबाबदारी असते त्याला ते वेगळं दिसतं. धावता धावता कुत्रा दगड होतो. एक पाय उचललेला, नाक पाखराकडे ताणलेलं, शेपूट काठीसारखं वर. पाखरू पानांत दबून बसलेलं असतं. मग मी पुढे जायचं, झुडपाला लाथ मारायची, आणि तित्तर असा काही फडफडाट करत उठतो की दर वेळी मी एक पाऊल मागे सरते. डेल बार काढतो. मी रेमूच्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, "झालं, बाबा." तेवढ्यानेच तो सुटतो.

"रोख धरलेल्या कुत्र्याला मागे बोलवायचं नाही," आर्वो म्हणाले होते. "कधीच. वेळ संपली असली तरी. आधी पाखरू उठव, मग झालं म्हण. मधेच ओढलास तर त्याला खोटारडा म्हटल्यासारखं होतं."

"आणि तिथं पाखरू नसलंच तर?"

सौनात चूलच नसली तर, असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तर तू नीट बघितलं नाहीस. पाखरू शोधायचंच नाही. पिसं पानांसारखीच असतात. डोळा शोधायचा. डोळा लपवता येत नाही त्याला."

"पण ते इतक्या जवळ बसून राहतं कशाला?"

"त्याला वाटतं, हललो नाही तर दिसणार नाही. कुत्रा त्याला धरून असतो आणि ते कुत्र्याला. दोघं अडकलेले."

"पा, तू लग्नाबद्दल बोलतोयस का?" डेलने चुलीजवळून विचारलं.

"लग्नात मधूनमधून जेवायला सोडतात," आर्वो म्हणाले.

३

सफरचंदांच्या जुन्या बागेच्या जागी तित्तर हमखास असतात. कुणाची तरी शेती होती तिथं. घर कधीच गेलं. राहिलीत ती रानटी झालेली झाडं आणि तळघराचा चौकोनी खड्डा, त्यात बर्चची पोरसवदा झाडं उगवलेली. सडक्या फळांचा वास दारूसारखा येतो.

घंटी खड्ड्याच्या पलीकडे थांबली.

रेमू काठावर उभा होता, नाक खड्ड्यात रोखून. मला एक गोष्ट खटकली. त्याचं शेपूट वर नव्हतं. पोटाखाली ओढलेलं होतं.

"चल, उठव," डेल बंदूक सावरत म्हणाला.

मी खड्ड्यात उतरले. पानं तुडवली, झुडपं हलवली, एका कुजक्या तुळईला लाथ घातली. काही उठलं नाही. काही म्हणजे काहीच नाही, चिमणीसुद्धा. मी डोळा शोधला. पानं होती, सफरचंदं होती, ओली माती होती. रेमू माझ्या पायाकडे पाहत होता, किंवा पायामागे.

गळ्यातला टोमॅटो वाजला. मी दचकले, आणि सवयीने म्हणाले, "वेळ झाली."

"नाक गेलं त्याचं," डेल म्हणाला. "संपला बिचारा." त्याने बंदूक सांध्यात दुमडून काखेत धरली, रेमूचा पट्टा पकडला आणि ओढला.

रेमू गुरगुरला. डेलच्या हातावर वाढलेला कुत्रा, त्याच हातावर. दोघंही ओशाळले. मग डेलने त्याला सरळ उचलून खांद्यावर टाकला, नि आम्ही निघालो. वाटभर रेमूची मान उलटी होती. ट्रकपाशी खाली ठेवल्याबरोबर त्याने पुन्हा रोख धरला, आम्ही आलो त्या पायवाटेवर. वाट सरळ होती, उघडी होती, आणि रिकामी होती.

रात्रीच्या जेवणाला मांस-बटाट्याच्या पेस्टी होत्या. आर्वोंनी विचारलं, "सफरचंदांपाशी काय उठलं?"

"काही नाही. खोटा रोख, पा."

"मग काय केलंत?"

डेलने मोठा घास घेतला. "उचलून आणला."

आर्वोंनी काटा खाली ठेवला. नंतर भांडी धुताना मी डेलला हळूच विचारलं, "तिथं कोण राहायचं रे पूर्वी?"

"लोक," आर्वो मागून म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी रेमूने अंगणाच्या कडेला रोख धरला. त्यानंतर लाकडाच्या ढिगावर. मग सौनाच्या पायरीवर.

मी प्रत्येक वेळी सगळं रीतसर केलं. पुढे गेले, लाथ मारली, काही न उठलेलं पाहिलं, डोक्यावर हात ठेवून झालं बाबा म्हटलं. तो सुटायचा. पण सुटल्यावर कुत्रा अंग झटकतो, तसं तो झटकत नसे. माझ्या पायांना चिकटून घरात यायचा.

मी भित्री नाही. लाकडाच्या ढिगात मुंगसासारखं जनावर असेल, आमच्याकडचं ते पांढऱ्या पोटाचं, हे मला पहिल्यांदा सुचलं. पायरीखाली उंदीर. शिवाय गुरांच्या डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं, म्हातारे कुत्रे कधी कधी भिंतीकडे टक लावून उभे राहतात, माणसांसारखंच त्यांचंही होतं. डेलने ते वाक्य पाठ केलं होतं.

"माझे आजोबा फडताळाशी फिनिश बोलायचे," तो म्हणाला. "फडताळ उत्तर देत नसे, एवढंच. पुढच्या वर्षी याला घरीच ठेवू, पा."

"घरी ठेवलास तर नाताळ बघणार नाही तो," आर्वो म्हणाले. "आणि तो भिंतीकडे बघत नाहीये."

मला मात्र दुसरंच सतावत होतं. तित्तर उठला की लांब जात नाही. थोडा पुढे उडतो आणि पुन्हा बसतो. म्हणूनच आपण त्याच्यामागे जातो. कडा, ढीग, पायरी. मी झोपण्याआधी मनातल्या मनात ते ओळीने मांडून पाहिलं आणि मग मांडलं म्हणून स्वतःवर चिडले. दर वेळी मी अगदी नीट उठवत होते. काहीतरी दर वेळी उठत होतं. आणि बसत होतं ते दर वेळी घराच्या आणखी जवळ.

हे मी डेलला सांगितलं नाही. नवी नवरी, रान, म्हातारा कुत्रा. तो गावात जाऊन काय सांगेल ते मला ऐकू येत होतं.

५

आर्वोंचं प्लास्टर बदलायचं होतं. ट्रक एकच, आणि तो पाय सीटवर आडवा ठेवावा लागे. म्हणजे माझी जागा पायाने घेतली.

"अंधार पडायच्या आत येतो," डेल म्हणाला. "तुला काय आणू?"

"दुसरा ट्रक."

तो हसला. आर्वो ट्रकच्या खिडकीतून रेमूकडे पाहत होते. "आज त्याला बाहेर काढू नकोस. झोपू दे. आणि दाराला खिट्टी लाव."

"का?" असं मी विचारायला हवं होतं. पण त्यासाठी त्यांना आधी काहीतरी म्हणून हाक मारावी लागली असती, आणि तेवढ्यात ट्रक हलला.

मी आत आले. खिट्टी लावली.

कॅम्पला दार एक. खिडक्या दोन, एकीला आर्वोंनी अस्वलांच्या भीतीने कधीच फळ्या ठोकल्यात, दुसरी भांडी धुवायच्या जागेवर, ताटाएवढी. तीतून रेमूही गेला नसता. दाराशेजारी खुंट्यांची रांग, तिच्यावर सगळ्यांचे कोट एकावर एक, उन्हाळ्यातलेसुद्धा, कुणी कधी आवरत नाही म्हणून. दुपारचं चांगलं ऊन होतं. चुलीवर कॉफी, फडक्यात वेलदोड्याचा पाव. रेमू चुलीपुढच्या चटईवर पसरला होता. त्याच्या गळ्यातली घंटी काढायची मी विसरले होते. तो श्वास घेई तशी ती बारीक किणकिणत होती. मला तो आवाज बरा वाटला. सोबत होती.

मी पंपाचा दांडा मारून पाणी काढलं आणि कप धुवायला घेतले. बाहेर एक सुतारपक्षी लाकूड ठोकत होता. कॉफी उकळत होती. दुसऱ्या कपाला साबण लावताना मला कळलं की काहीतरी कमी झालंय. काय, ते लगेच उमगेना.

घंटी थांबली होती.

६

मी एकदम वळले नाही. पंपाचा दांडा आधी हळूच खाली सोडला.

रेमू चटईवर उभा होता. पुढचा पाय उचललेला. शेपूट पोटाखाली. नाक दाराकडे, दाराकडे नाही, दाराशेजारच्या कोटांकडे.

माझ्या हातांनी आपल्या आपण टोमॅटो पिळला. टिकटिक सुरू झाली. सवय हा माणसाचा फार विश्वासू अवयव आहे.

उंदीर, मी स्वतःला सांगितलं. डेलच्या खिशात सदा पावाचा तुकडा असतो. उंदीर खिशात शिरलाय. आत्ता जाऊन कोट झटकायचा की काम झालं. मी ते अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी जागची हलले नाही. कोट आणि दार यांत एक हाताचं अंतर होतं. बाहेर जायचं म्हणजे त्यांना घासून जायचं.

मग वाट पाहावी. डेल येईल, दार वाजवेल. मी भिंतीला पाठ लावली. कॉफी उतू गेली, चुलीवर चरचरली, जळल्याचा वास आला. मी बघत राहिले. कोट हलत नव्हते. ते इतके हलत नव्हते की आपण लक्ष दिलेलं त्यांना कळलंय असं वाटावं.

रेमूला हाक मारावी, हेही सुचलं. झालं बाबा म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण मग त्याने जे धरून ठेवलं होतं, तेही सुटलं असतं.

टोमॅटो वाजला. त्या खोलीत तो भलताच मोठ्याने वाजला. रेमूचा कानही हलला नाही.

त्याचा मागचा डावा पाय थरथरायला लागला होता.

तो थरथराट मला ओळखीचा आहे. आधी मांडीत, मग गुडघ्यात. जीभ बाहेर आली होती, पण तो धापा टाकत नव्हता. धापा टाकल्या तर रोख मोडतो. नाकपुड्या नुसत्या उघडमीट होत होत्या. ऊन खिडकीतून सरकून फळीवर गेलं होतं, आणि ट्रकचा कुठे पत्ता नव्हता. मी त्याच्या ओठांकडे पाहिलं. हिरड्या पांढऱ्या पडत होत्या. मधाची बरणी माझ्या हाताशी होती, आणि ती त्याच्यापर्यंत नेली तरी उपयोग नव्हता. तो असाच उभा राहणार होता. उभा राहून मरणार होता, माझ्यासाठी, आणि मी भिंतीला टेकून ते पाहणार होते.

जिवंत परत आण त्याला, बाकी काही मागत नाही.

आधी पाखरू उठव. मग झालं म्हण.

मी त्याच्या बाजूने पुढे गेले, रानात जाते तशी, त्याला माझी सावली लागू न देता. कोटांपुढे उभी राहिले. आर्वोंचा लोकरी, डेलचे दोन, माझी शिकारीची केशरी बंडी, तिच्यामागे कुणाकुणाचे जुने. मी कोट पाहत नव्हते. डोळा शोधत होते.

तो खाली होता. माझी बंडी आणि आर्वोंचा कोट यांच्या फटीत, गुडघ्याच्या उंचीवर. ओला, गोल, काळा. बटण असेल म्हणून मी बराच वेळ पाहिलं. बटणात खिडकी दिसत नाही. यात खिडकी दिसत होती, आणि खिडकीपुढे अगदी लहान मी.

मी लाथ मारली.

फडफडाट झाला नाही. कोट झुलले, खुंटीवर घासले आणि थांबले. एवढंच झालं की एक ऊब माझ्या गुडघ्यांपाशी आली, पोटापाशी आली, गळ्यापाशी आली. येताना मला ती नीट जाणवली. गेल्याचं जाणवलं नाही.

फट रिकामी होती. मागे नुसते ओंडके, त्यांत भरलेलं शेवाळ. मी हसले असेन. खिट्टी काढली, दार ढकललं नाही, फक्त मोकळं केलं. मग रेमूला सोडवायला वळले.

घंटी एकदा वाजली. त्याने पावलं बदलली होती. पुन्हा थांबली.

तो माझ्याकडे रोख धरून उभा होता.

७

हात वर करायचा, त्याच्या डोक्यावर ठेवायचा, एवढंच होतं. हात वर गेला नाही. त्याच्या नाकापासून माझ्यापर्यंत काहीतरी ताणून बांधलं होतं आणि मी त्याच्या दुसऱ्या टोकाला होते. श्वास घेता येत होता. पापणी मिटावीशी वाटत नव्हती.

ट्रक आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. दार उघडलं. डेल पिशव्या घेऊन आत आला आणि थबकला.

"हे काय? खेळताय का दोघं?" मग त्याने रेमूचा पाय पाहिला. "अरे, मरेल तो! हेल्मी, सोडव ना त्याला!" पिशव्या टाकून तो पट्ट्याकडे वाकला.

आर्वोंची कुबडी त्याच्या छातीवर आडवी आली. "हात लावू नकोस. एकदा लावलास."

"पा, ती हेल्मी आहे!"

आर्वो माझ्याकडे पाहत होते. म्हणजे चेहऱ्याकडे नाही. त्यांची नजर माझ्या बुटांपासून हळूहळू वर येत होती, जशी झुडपावरून फिरते, पानं सोडून, फांद्या सोडून. मला ठाऊक होतं ते काय शोधतायत.

नजर माझ्या डोळ्यांशी आली आणि तिथंच राहिली.

"हलू नकोस, पोरी," ते फार हळू म्हणाले.

"पा," मी म्हणाले, "त्याला सोडा. पाय बघा कसा थरथरतोय."

आवाज माझाच होता. डेलने सुटकेचा श्वास सोडला, बघ, बोलतेय ती, म्हणाला. फक्त आर्वोंचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना आजवर कधी पा म्हटलेलं नाही, हे त्या खोलीत त्यांना माहीत होतं आणि मला.

ते अजून तसेच उभे आहेत, कुबडी आडवी धरून. डेल काहीतरी विचारतोय, पुन्हा पुन्हा. रेमूचा गुडघा वाकायला लागलाय. "थोडं थांब, बाबा," आर्वो म्हणतात, "अजून थोडं." ते त्याला म्हणतात.

मी जगातल्या कुणाहीपेक्षा नीट सांगू शकते, त्याच्यात आता किती उरलंय. फार नाही. झालं बाबा, एवढे दोन शब्द म्हटले की तो सुटेल, चटईवर पडेल, मी त्याच्या हिरड्यांना मध लावेन, तो जगेल. ते म्हणायचं काम माझंच आहे. शब्द अगदी ओठांवर आलेत.

पण ते म्हणण्याची घाई माझी एकटीची नाही.